एकाच घरात रक्त कमी आणि मुतखडाही : पालेभाजी कोणती आणि कशी करावी?

होटगी रस्त्याची सूनबाई (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरात सहा माणसे आहेत आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकच होतो, हे आधी सांगते, कारण माझी अडचण त्यातूनच निघाली आहे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. सारखा थकवा येतो म्हणून गेल्या महिन्यात तिचे रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ९.४ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पालेभाज्या भरपूर खायला सांगितल्या. त्यानंतर आठच दिवसांनी माझ्या सासऱ्यांना पाठीतून खाली उतरणारी जीवघेणी कळ आली, सोनोग्राफीत मुतखडा दिसला आणि त्यांच्या डॉक्टरांनी पालेभाज्या बंद करायला सांगितल्या. म्हणजे ज्या कढईतून नातीला वाढायचे त्याच कढईपासून आजोबांना लांब ठेवायचे, अशी माझी स्थिती झाली आहे.

गेले तीन आठवडे मी जवळजवळ रोज पालक करते. त्यावर सासूबाईंचे म्हणणे असे की पालकाने काही होत नाही, अंबाडी आणि करडई खा. शिवाय त्या कोणतीही भाजी आधी उकडतात, गार झाली की दोन्ही तळव्यांत घट्ट पिळतात, ते हिरवे-काळपट पाणी मोरीत ओततात आणि मगच लसणाची फोडणी देतात. ते पाणी जाताना पाहिले की माझा जीव हळहळतो, कारण सत्त्व सगळे त्यातच गेले असे मला वाटते. दुसरीकडे फोनवर पालकातील लोहाचे आकडे पाहावेत तर एका ठिकाणी ३ मिलिग्रॅम, दुसरीकडे ११, आणि तिसऱ्या ठिकाणी तर २५ असे दिसतात.

तर पालकात खरोखर किती लोह असते, भाजी उकडून पाणी फेकणे बरोबर की चूक, आणि नात व आजोबा या दोघांनाही चालेल अशी एखादी भाजी आहे का, हे जाणकारांनी सांगावे. भोगी आणि वेळ अमावस्या जवळ आली आहे. आमच्याकडे त्या दिवशी शेतावर भज्जी होते, तिच्यात मेथीपासून हरभऱ्याच्या पाल्यापर्यंत सगळेच पडते, त्यामुळे सासऱ्यांना त्या दिवशी तरी ताटावर बसवायचे की नाही, हाही प्रश्न आहेच.

निवृत्त अध्यापिका, आहारशास्त्र

ताई, आपला प्रश्न फार नेमका आहे. दोन्ही डॉक्टरांनी सांगितले ते आपापल्या रुग्णापुरते बरोबरच आहे. फक्त "पालेभाजी" हा एकच शब्द त्यांनी निरनिराळ्या पाल्यांसाठी वापरला आहे.

आकड्यांपासून सुरुवात करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत १०० ग्रॅम कच्च्या पालकात लोह सुमारे ३ मिलिग्रॅम, हिरव्या राजगिऱ्याच्या व शेवग्याच्या पाल्यात साडेचारच्या आसपास आणि मेथीत साडेपाचच्या थोडे वर दिले आहे. म्हणजे ज्या पालकाच्या नावाने आपण रोज कढई चढवता, तो या रांगेत मागेच उभा आहे. फोनवर दिसणारे मोठे आकडे बहुतेक वेळा वाळवलेल्या पाल्याचे असतात, किंवा नीट न धुतलेल्या पानांवरची माती त्यांत मोजली गेलेली असते. मातीत लोह भरपूर असते, परंतु ते आपल्या उपयोगाचे नाही. पालकाचा आकडा दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट झाला, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते; मीही ती वर्गात कित्येक वर्षे रंगवून सांगितली आणि पुढे कळले की त्या गोष्टीलाच आधार सापडत नाही.

आता हे आकडे ताटापर्यंत आणू. मी एकदा मंडईतून आणलेली मेथीची पेंडी वजनकाट्यावर ठेवली, ती साडेतीनशे ग्रॅम भरली. मुळे, माती आणि जाड देठ काढून निवडलेला पाला उरला दीडशे ग्रॅमच्या जरा वर. शिजल्यावर त्याची एक वाटीभर भाजी झाली आणि ती आम्ही चौघांनी खाल्ली, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कच्च्या हिशेबाने चाळीस ग्रॅम. आहाराच्या शिफारशीत दररोज १०० ग्रॅम पालेभाजी सांगितली जाते, ती दर माणशी आणि कच्ची असते. "आम्ही रोज पालेभाजी खातो" असे म्हणणाऱ्या बहुतेक घरांत ती भाकरीबरोबर तोंडी लावण्यापुरतीच असते. आपल्या सहा माणसांत एक पेंडी पुरवली जात असेल, तर प्रश्न पालकाचा की मेथीचा हा नंतरचा आहे.

त्यातही खाल्लेले सगळे लोह अंगी लागत नाही. वनस्पतींतील लोह शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण शेकडा दोनपासून फार तर वीसपर्यंत असते, आणि ते कुठे थांबेल हे सोबत काय खाल्ले यावर ठरते. लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांतील क जीवनसत्त्व ते वाढवते. चहा-कॉफी ते खाली ओढते. आपल्याकडे सकाळी भाजी-भाकरीच्या मागोमाग कपभर चहा हा शिरस्ताच आहे. मुलीच्या बाबतीत तेवढा चहा तासा-दीड तासाने पुढे ढकलावा. लोहाची गोळीही चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर मुळीच घेऊ देऊ नये. भाजी लोखंडी कढईत केली आणि तिच्यात टोमॅटो किंवा चिंच असली, तर कढईतील थोडे लोहही भाजीत उतरते. ती कढई माळ्यावर असेल तर खाली काढावी.

मात्र एक गोष्ट स्पष्टच सांगते. ९.४ हे हिमोग्लोबिन पालेभाजीने भरून निघणारे नाही. तिच्या वयाच्या मुलीचे ते किमान १२ हवे. लोहाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असेल, तर तेवढ्यासाठी तक्त्याच्या हिशेबाने दोन किलो पालक लागेल, आणि तोही सगळा पचला तर. म्हणून गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने चालू ठेवाव्यात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो का ते विचारावे, आणि आपले घर शाकाहारी असेल तर ब-१२ तपासून घ्यावे. ब-१२ कोणत्याही पालेभाजीत नसते, आणि ते कमी असेल तर पालकाच्या राशी संपवूनही रक्त वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची कमतरता आढळली होती, त्यामुळे आपल्या मुलीचे काही जगावेगळे आहे असे समजू नये.

मग पालेभाजी कशासाठी खायची, असे आपण विचाराल. ती मुख्यतः फोलेट या ब गटातील जीवनसत्त्वासाठी, अ जीवनसत्त्व तयार करणाऱ्या कॅरोटीनसाठी, के जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि चोथ्यासाठी. रक्ताच्या तांबड्या पेशी नीट तयार होण्याकरिता फोलेट लागतेच. त्याचा शोध आपल्या भागाला जवळचा वाटेल असा आहे. लुसी विल्स या ब्रिटिश महिला डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आल्या, ते गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचे कारण शोधायला. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो हे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कात होते ते द्रव्य पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकाची पाने गाळून वेगळे काढले गेले आणि "पान" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. सोलापूरच्या चाळींतल्या गिरणी कामगार बायकाही मुंबईच्या त्या बायकांहून वेगळे काही जेवत नसतील.

आता सासूबाईंच्या उकडण्याकडे येते, कारण त्यांचे निम्मे बरोबर आहे. पालक, चुका, राजगिरा, माठ, अळू आणि घोळ यांत ऑक्झॅलेट नावाचे आम्लद्रव्य भरपूर असते. चुक्याची आंबट चव बरीचशी त्याचीच असते, आणि पालक खाल्ल्यावर दातांवर जो खरखरीत थर जाणवतो तोही त्याचाच. बहुतेक मुतखडे कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट यांचेच बनलेले असतात. हे द्रव्य बऱ्याच अंशी पाण्यात विरघळते, त्यामुळे भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकले की त्याचा मोठा हिस्सा निघून जातो. त्याबरोबर क जीवनसत्त्व आणि फोलेट यांचेही नुकसान होते, हे खरे. परंतु लोह, कॅल्शियम आणि कॅरोटीन बहुतांशी पाल्यातच राहतात. तेव्हा वर सांगितलेल्या सहा भाज्यांचे पाणी खुशाल फेकावे. मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात आणि मुळ्याचा पाला यांत ऑक्झॅलेट मुळातच कमी असते. ती भाजी उकडून पिळणे म्हणजे नुसता तोटा. ती थोड्या तेलावर परतून झाकण ठेवून वाफेवर करावी. तेल अगदी वगळूही नये, कारण कॅरोटीन स्निग्धाबरोबरच शोषले जाते. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा टाकण्याची सवय असेल तर ती मात्र सोडावी, सोड्याने क जीवनसत्त्व जाते.

याच ऑक्झॅलेटमुळे पालकातील कॅल्शियमही जखडलेले असते. दुधातील कॅल्शियम शेकडा तीसच्या आसपास शोषले जाते, पालकातील जेमतेम पाच. हाडांसाठी पालक खाणाऱ्यांनी मेथी किंवा शेवग्याचा पाला खावा.

नात आणि आजोबा यांचे गणित असे बसवता येईल. भाजी एकच करावी, आठवड्यातून चार दिवस तरी मेथी, पात किंवा मुळ्याचा पाला यांपैकी. फरक वाढताना करावा. मुलीच्या ताटात लिंबाची फोड, आणि दही-ताक जेवणात नाही तर चारच्या सुमारास, कारण कॅल्शियम लोहाच्या थोडे आड येते. सासऱ्यांच्या ताटात त्याच भाजीबरोबर वाटीभर दही किंवा ताक, कारण त्यातील कॅल्शियम ऑक्झॅलेटला आतड्यातच धरते आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते. चाकवत ताकात शिजवण्याची आपल्याकडची जुनी रीत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. मुतखडा म्हणून दूध बंद करण्याची चूक पुष्कळ लोक करतात, ती करू नये. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र सासऱ्यांनी मनाने घेऊ नयेत, त्यांचे शरीरात ऑक्झॅलेट होते. आणि खडा पडला किंवा काढला तर तो टाकून न देता तपासायला द्यावा. तो यूरिक आम्लाचा निघाला तर हा सगळा पालकाचा वाद त्यांच्यापुरता संपलाच. सोलापूरच्या उन्हात घाम इतका जातो की खड्याचे खरे कारण पालकापेक्षा कमी पाणी पिणे हेच जास्त वेळा असते.

उत्तर सोलापूर, कोरडवाहू आणि थोडे बागायत

बाईंनी शास्त्र चांगले सांगितले. मी भाजी पिकवणारा आहे, म्हणून पाल्याबद्दल दोन शब्द लिहितो.

तक्त्यातला पाला आणि पाटीतला पाला यांत अंतर असते. माझी मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत निघते. पहाटे उपटली, पेंड्या बांधल्या, सहाच्या आत मंडईत उतरवली तर ती पेंडी हातात कुरकुरते. तीच पेंडी दिवसभर उन्हात पाणी मारून मारून ताजी दाखवली आणि संध्याकाळी तुम्ही स्वस्त म्हणून घेतली, तर क जीवनसत्त्वाचा पुष्कळ भाग वाटेतच गेलेला असतो. घेताना पेंडी सोडून आत हात घालून पाहावे. आतला पाला ऊबदार लागला की ती काल बांधलेली आहे असे समजावे. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरलेला पाला पाण्यात भिजत टाकणे म्हणजे आपल्याच हाताने सत्त्व धुऊन काढणे.

तुमच्या सासूबाई करडईचे नाव घेतात याचे मला कौतुक वाटले. करडईची भाजी म्हणजे मुळात विरळणीची रोपे. रब्बीला काळ्या रानात करडई पेरली की पंधरा दिवसांनी दाट झालेली रोपे उपटावीच लागतात, ती बायका ओट्यात घालून घरी आणत. पुढे पानांना काटे येतात आणि मग ती जनावरेही नीट खात नाहीत. ही भाजी बिनपाण्याची, बिनखताची, फुकटची होती. आता करडईचा पेराच कमी झाल्यामुळे ती वर्षातून पंधरा-वीस दिवस दिसते आणि तीही नशीब असेल तर. अंबाडीचे उलट आहे. तिला आपल्या गावात तिन्ही भाषांत गिऱ्हाईक आहे. एकच पाटी असते, मराठी बाई अंबाडी मागते, कानडी बाई पुंडी पल्या मागते आणि पूर्व भागातली तेलुगू बाई पुंटीकूरा म्हणते. पैसे मात्र तिघी सारखेच कमी देतात.

हरभऱ्याच्या पाल्याबद्दल सावध करतो. त्याच्यावरची आंब जाते म्हणून तो धुवायचा नाही, असे आमच्या आईच्या काळी सांगत, आणि तेव्हा ते बरोबर होते. आज घाटेअळीसाठी फवारणी होते. घरच्या रानात फवारलेले नाही हे माहीत असेल तरच तसाच खुडून घ्या. बाजारातला पाला दोन-तीन पाण्यांतून काढावा, आंब गेली तरी चालेल. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेला पालक फार लुसलुशीत आणि रुंद पानाचा दिसतो, त्याला भुलू नये. तो कच्चा तर अजिबात खाऊ नये, जंतांची अंडी अशाच पाल्यातून पोटात जातात.

भज्जीचे म्हणाल तर वर्षातून एक दिवस शेतात बसून आंबिलीबरोबर आजोबांनी वाटीभर खाल्ली म्हणून काही बिघडेल असे मला वाटत नाही. अर्थात मी डॉक्टर नाही.

जुळे सोलापूरहून एक वाचक

वरील चर्चेत एक गोष्ट राहिली आहे, ती लिहितो. माझ्या वडिलांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि ते रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतात. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सांगण्यावरून आम्ही त्यांना एकदम रोज पालकाचा रस द्यायला लागलो आणि पुढच्या तपासणीत रक्ताची पातळता इतकी उतरलेली निघाली की डॉक्टर आमच्यावर चिडले. पालेभाजीतील के जीवनसत्त्व या जातीच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते. आम्ही घाबरून भाजी पूर्ण बंद केली, तर ते त्याहून चूक ठरले, कारण मग रक्त हवे त्यापेक्षा पातळ होऊ लागले. आता आठवड्याला ठरावीक दिवशी ठरावीक वाटी भाजी देतो आणि त्या हिशेबाने गोळीची मात्रा बसवून घेतली आहे. ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे, त्यांनी भाजी वाढवण्यापूर्वी किंवा घटवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

होटगी रस्त्याची सूनबाई

सर्वांचे मनापासून आभार. वजनाचा प्रयोग मी परवाच केला. आमची मेथीची पेंडी निवडल्यावर १४० ग्रॅम भरली आणि ती आम्ही सहा जणांत वाटत होतो, हे पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. आता दोन पेंड्या आणते. एवढी मेथी निवडायची म्हणून सासरेबुवांनाच परात आणि वर्तमानपत्र देऊन बसवले आहे. सासूबाईंना "पालकाचे पाणी फेका, मेथीचे नको" हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या की मेथी त्या केवळ कडूपणा जावा म्हणून पिळत होत्या. मुलगी कडू मेथी खात नाही, हा खरा पेच आहे. आणि दुसरे असे की फाल्गुन सरला की सोलापुरात पालेभाजी मिळते ती महाग आणि मलूल. तेव्हाचे काय करावे?

निवृत्त अध्यापिका, आहारशास्त्र

कडूपणासाठी मेथी गरगट्ट्यात घालावी. तूरडाळ, मूठभर शेंगदाणे, मेथी आणि थोडी कांद्याची पात एकत्र शिजवून रवीने घोटली, वरून लसणाची फोडणी दिली आणि वाढताना लिंबू पिळले की मुले तक्रार करत नाहीत. पाणी त्याच भांड्यात राहते, त्यामुळे फोलेटही बरेचसे घरातच राहते. मेथी चिरून मीठ चोळून पिळणे मात्र टाळावे.

उन्हाळ्यासाठी आताच, थंडीत, पाला वाळवून ठेवावा. मेथी, शेवगा आणि हरभऱ्याचा पाला स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन सुती कापडावर सावलीत पसरावा. उन्हात वाळवला तर लवकर होतो, पण कॅरोटीन जाते आणि पाला पिवळट पडतो. क जीवनसत्त्व वाळवण्यात जवळजवळ संपतेच, ते लिंबातून घ्यावे. लोह आणि कॅल्शियम मात्र जसेच्या तसे राहतात. शंभर ग्रॅम ओली मेथी वाळून पंधरा ग्रॅमच्या आसपास होते, म्हणून सहा माणसांच्या पिठल्यात किंवा आमटीत चुरलेला पाला चिमटीने न घालता मुठीने घालावा.

उत्तर सोलापूर, कोरडवाहू आणि थोडे बागायत

शेवग्याचे एक झाड परसात असेल तर उन्हाळ्याची निम्मी काळजी मिटते, आमच्याकडे वैशाखातही त्याला पाला असतो. ताई, जागा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर मनगटाएवढी जाड फांदी लावा. वाळवणाचा डबा मात्र कोरडाठाक हवा, जरा ओल राहिली की आठ दिवसांत बुरशी धरते.